नव्याण्णव खिळ्यांचं वाण

माणूस निसरड्या जागी पाय कसा रोवतो, यावरून त्याच्या संस्कृतीची पारख होते. हे वाक्य मी दोन हजार चार सालच्या अधिक श्रावणात, मरीन परेडच्या एका कॉन्डोत, तरणतलावाशेजारच्या फंक्शन रूममध्ये ऐकलं. बोलणारे गृहस्थ वाक्य पूर्ण करून श्रोत्यांकडे एक पाऊल पुढे आले आणि ओल्या फरशीवर त्यांची चप्पल सटकली. खजिनदारांनी त्यांना दंडाला धरून सावरलं. श्रोते एकूण दोन होते. दुसरा मी.

या गृहस्थांना आम्ही सगळे अध्यक्ष म्हणायचो. सिंगापुरातल्या आमच्या वीस-पंचवीस मराठी कुटुंबांचा एक गट होता. गणपती, कोजागिरी आणि वर्षातून एकदा कुणाचं तरी व्याख्यान, एवढं त्याचं कार्य. त्याचं अध्यक्षपद त्यांच्याकडे बरीच वर्षं होतं. मग ते दुसऱ्याकडे गेलं, संबोधन मात्र त्यांनी जाऊ दिलं नाही. बँकेतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे वेळ भरपूर होता आणि अध्यक्षपद भूषवावं असं काहीच उरलं नव्हतं. फोन उचलला तरी ते "अध्यक्ष बोलतोय" असंच म्हणत. फोन करणाऱ्याला वाटायचं, कुठली तरी सभा चालू आहे.

मी तेव्हा हौगांगला राहायचो आणि ड्रिलची पाती बनवणाऱ्या एका कारखान्यात धातूंचं काम बघायचो. कोणतं टोक किती घासलं की बोथट होतं, कोणतं तुटतं आणि का, हे सांगण्याचा मला पगार मिळायचा. एका शनिवारी अध्यक्षांचा फोन आला.

"तुम्ही धातूवाले ना?"

"हो."

"उद्या या. एक राष्ट्रीय स्वरूपाचं काम आहे. आंतरराष्ट्रीयच म्हणा."

बायको शेजारी भाजी निवडत होती. तिने विचारलं, "काय म्हणतायत?"

"आंतरराष्ट्रीय काम आहे म्हणतायत."

"खुर्च्या लावायच्या असतील," ती म्हणाली.

खुर्च्या नव्हत्या. काम खरोखरच आंतरराष्ट्रीय होतं. अध्यक्षांची मुलगी कॅनडाच्या उत्तरेकडे एका मोठ्या तळ्याकाठी राहायची. लग्न आदल्याच हिवाळ्यात झालेलं. ती तळ्याच्या पाण्याचे नमुने तपासायची आणि तिची प्रयोगशाळा होती समोरच्या काठावर. तळं गोठलं की रस्त्याने फिरून जाण्यापेक्षा बर्फावरून सरळ जाणं सोपं, म्हणून तिने एक जुनी स्नोमोबाइल घेतली होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी: पुढे दोन स्की, मागे रणगाड्याला असतो तसा रुंद रबरी पट्टा, आणि वर मोटरसायकलसारखी बैठक. भुसभुशीत बर्फात हा पट्टा छान पकडतो. पण वाऱ्याने वरचा बर्फ उडवून नेला आणि खाली काचेसारखा कडक थर उघडा पडला, की रबराला धरायला काही राहत नाही. फेब्रुवारीत तसंच झालं. तिने ब्रेक दाबला, पट्टा फिरायचा थांबला, गाडी थांबली नाही. पलीकडच्या धक्क्याच्या खांबावर जाऊन आदळली. मनगट मुरगळलं. खांब नसता तर पुढे पाण्याचा उपसा चालायचा ती न गोठलेली, उघडी जागा होती. हे तिने आईला चुकून सांगितलं, आणि तेव्हापासून आईची, म्हणजे आमच्या काकूंची, झोप उडाली होती.

यावर उपाय असतो आणि तो जुना आहे. पट्ट्याला भोकं पाडायची, आतून टोकदार स्टड घालायचे, बाहेरून चकती लावून नट आवळायचा. बर्फात घुसतात ती ही टोकं. बुटाला खिळे मारतात, तसंच.

आता यात अध्यक्ष कुठून आले, तर अधिक महिन्यातून. या महिन्यात जावयाला वाण द्यायची पद्धत आहे. चांदीचं ताट, निरांजन, आणि तेहतीस अनारसे. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, त्यामुळे काकूंनी चांदीचं ताट ठरवलं होतं. आमच्या बौद्ध घरात अधिक महिना म्हणजे कॅलेंडरवाल्यांनी केलेली हिशोबाची दुरुस्ती. आमच्या जावयांना त्याही महिन्यात तेवढंच जेवण मिळतं. जावईबुवा फोनवर म्हणाले होते, "आई, ताट नको. आमच्याकडे तीन आहेत, आम्ही दोघंच आहोत. द्यायचंच असेल तर तिच्या गाडीला स्टड द्या."

मला हा माणूस तेव्हाच आवडला. पण एकदा जावयाने मागितलं म्हटल्यावर ते जावयाचं वाण झालं, आणि वाण जावयाचं म्हटल्यावर गाडीही जावयाची झाली. अध्यक्षांच्या बोलण्यात त्या दिवसापासून मुलगी गाडीवरून उतरली ती पुन्हा चढलीच नाही.

"आमचे जावई," ते फंक्शन रूममध्ये म्हणाले, "उणे तीस अंशात, गोठलेल्या जलाशयावरून, ज्ञानसाधनेसाठी जातात."

जावई घरी हीटरशेजारी बसून एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर लिहायचे.

त्यांनी मग आमची एकमेकांशी ओळख करून दिली, जी बारा वर्षांपासून होती. "हे आपले खजिनदार. आणि हे आमचे बौद्ध मित्र, धातुतज्ज्ञ." खजिनदारांचा धर्म त्यांनी सांगितला नाही. खजिनदार बेडोकला राहायचे, एका ऑडिट फर्ममध्ये होते, आणि जगातली कुठलीही वस्तू त्यांच्यासमोर ठेवली तर ती आधी उलटी करून किंमत बघायचे.

टेबलावर एका उत्पादकाचा कॅटलॉग प्रिंट काढून ठेवला होता. अध्यक्षांनी त्यातल्या सर्वात लांब स्टडवर लाल गोल केला होता.

"हा," ते म्हणाले.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? जावयाला काय आखूड द्यायचा?"

मी सांगितलं की लांबी मानाप्रमाणे ठरत नाही. पट्ट्याला रबराचे आडवे दात असतात. त्यांच्या उंचीपेक्षा स्टडचं टोक जेमतेम बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढं वर यावं. त्याहून लांब असेल तर तो वाकतो, पट्ट्यातून उपटतो, नाहीतर पट्टा फिरताना वरच्या पत्र्याला लागतो. आणि त्या पत्र्याखाली इंजिनाचं पाणी थंड करणारी पन्हळ असते.

"म्हणजे थोडक्यात, लांब घेतला तर पकड जास्त," अध्यक्षांनी सारांश काढला.

"टिकाऊ कुठला ते सांगा," खजिनदार म्हणाले. "साधं पोलाद स्वस्त दिसतंय."

"पोलादाचं टोक एका हिवाळ्यात गोल होईल. कार्बाइडचं टोक घ्या. आम्ही ड्रिलला लावतो तेच. बर्फावर ते झिजत नाही म्हटलं तरी चालेल. फक्त दगडावर आपटलं तर टवका उडतो."

"तळ्यावर दगड कुठून येणार?"

"काठावर असतात."

"मग काठावर जाऊ नये," खजिनदार म्हणाले. आणि गाडी काठावरूनच तळ्यात उतरते हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मी विचारलं की गाडीचं इंजिन किती ताकदीचं आहे, पट्ट्याचे दात किती उंच आहेत, पुढच्या स्कीच्या खाली काय आहे. कारण मागचा पट्टा बर्फ धरतो आणि पुढच्या स्की धरत नाहीत असं झालं, तर हँडल वळवलं तरी गाडी सरळ जाते.

"सरळच तर जायचंय," अध्यक्ष म्हणाले. "समोरचा काठ सरळ समोर आहे." मग त्यांनी तिथूनच कॅनडाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडे रात्र होती.

"जावईबापू, तज्ज्ञ समिती बसली आहे. तुमचं वजन किती?"

"माझं? का, बाबा?"

"स्टडच्या निवडीसाठी."

"पण गाडी ती चालवते."

"हो हो, ते आहेच. तुमचं सांगा."

जावईबुवांनी सांगितलं. मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, माझं वजन हवं असेल तर..." पण अध्यक्षांनी आकडा लिहून घेतला होता आणि "आभारी आहे" म्हणून फोन ठेवलाही होता.

मी घरी जाऊन मुलीला ईमेल केली. जे विचारायचं ते तिलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिने शेडमध्ये जाऊन गाडी एका बाजूला उचलून दाताची उंची मोजली होती, पट्टा रबराच्या एकाच थराचा आहे हे पाहिलं होतं, इंजिनावरची पाटी उतरवून घेतली होती. तिच्याकडच्या दुकानदाराच्या मते त्या पट्ट्याला शहाण्णव स्टड लागतात, ठरलेल्या नक्षीत, दोन्ही बाजूंना सारखे. पत्र्याला आतून लावायची संरक्षक पट्टी ती स्वतः बसवणार होती, आणि स्कीखालच्या सळ्याही कार्बाइडच्या घेणार होती. शेवटी एकच ओळ होती: "काका, एवढं करून थांबेल ना ती?"

मी लिहिलं, थांबेल. आणि लांबी लिहून पाठवली. अध्यक्षांनी लाल गोल केलेल्या स्टडच्या ती निम्म्याहून थोडीच जास्त होती.

काम इथे संपायला हवं होतं. पण समिती नेमली गेली होती, आणि नेमलेली समिती काम संपलं म्हणून संपत नाही. अध्यक्षांनी तीन लांबींचे नमुने मागवले आणि प्रत्यक्ष चाचणी जाहीर केली. सिंगापुरात, जिथे लोक बर्फ मिलोमध्ये घालून पितात. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, बट हिअर गॉट नो स्नो लाह." समितीत ही एकच व्यक्ती कमी होती.

चाचणीची जागा: कॉन्डोचा बार्बेक्यू पिट. बर्फ: बेडोकच्या मासळीबाजाराला लाद्या पुरवणाऱ्याकडून दोन मोठ्या लाद्या, ज्या खजिनदारांनी टॅक्सीच्या डिकीत घालून आणल्या. टॅक्सीवाल्याने डिकीत साचलेलं पाणी पाहून त्यांना हॉकियनमध्ये काहीतरी सुनावलं. खजिनदारांनी त्याच्याकडे पावती मागितली. एका फळीला खालून स्टड ठोकले होते, फळीला दोरी, दोरीला मासे तोलायचा काटा. फळीवर वजन हवं म्हणून तांदळाच्या पिशव्या होत्या, बरोबर जावयाच्या वजनाच्या. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणाची तरी तुला चालली आहे.

चाचणीपूर्वी अध्यक्षांनी दोन शब्द बोलायचं ठरवलं. ते हिमयुगापासून सुरू झाले. आदिमानवाने प्राण्यांची कातडी पायाला गुंडाळली, इथपासून ते यंत्रयुगापर्यंत येताना त्यांनी मध्ये बँकेतला स्वतःचा एक अनुभव घेतला. ऊन वर आलं होतं. लाद्यांच्या कडा गोल झाल्या, मग लाद्या साबणाच्या वड्यांसारख्या दिसू लागल्या. मी खजिनदारांकडे पाहिलं. ते लाद्यांच्या किमतीकडे पाहावं तसं लाद्यांकडे पाहत होते.

"काका, बर्फ," मी म्हणालो.

"येतोय, तिकडेच येतोय," अध्यक्ष म्हणाले, आणि ध्रुवप्रदेशाकडे वळले.

ते पोचले तेव्हा आम्ही फळी लादीवर ठेवली. ती उरलेल्या बर्फासकट ओट्यावरून घसरली आणि तांदळाची एक पिशवी फुटली. कॉन्डोचा गार्ड आला. साठीतला चिनी गृहस्थ, हातात छत्री.

"अंकल, कॅनॉट लाह. बार्बेक्यू पिट इज फॉर बार्बेक्यू."

"धिस इज अ सायंटिफिक ट्रायल," अध्यक्ष म्हणाले.

"ट्रायल ऑल्सो मस्ट बुक," गार्ड म्हणाला. मग त्याने वाकून सांडलेल्या तांदळातला दाणा उचलून पाहिला. "वा, बासमती."

संध्याकाळी अध्यक्षांनी सगळ्या गटाला ईमेल केली की चाचणी समाधानकारक झाली. सिद्ध झालं होतं ते एवढंच की सिंगापुरात बर्फ वितळतो.

निकालाची बैठक त्यांच्या घरी होती. खजिनदार एक तक्ता करून आले होते ज्यात तिन्ही स्टडना "समाधानकारक" असा शेरा होता, फक्त किमती वेगळ्या होत्या. अध्यक्ष लांबवरच अडून बसले होते.

"अहो, पण मापं आली आहेत मुलीची," मी म्हणालो. "हा लांब घेतला तर दर फेऱ्याला पत्र्याला लागेल."

"मापं जावयांनी पाठवायला हवी होती."

"गाडी त्यांची नाही."

"वाण त्यांचं आहे."

"वाण पट्ट्यात बसत नाही, काका. स्टड बसतो."

"हे बघा, तुम्ही तज्ज्ञ आहात, मान्य. पण आमच्याकडे काही रीत असते. उद्या व्याही विचारतील, काय दिलंत? मी काय सांगू, सर्वात आखूड दिला म्हणून?"

खजिनदार म्हणाले, "मधला घ्या. मधला कधी चुकत नाही."

काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे हातातच होता. इतके दिवस त्या समितीत नव्हत्या. समितीला चहा पुरवत होत्या.

"लांब लावले तर काय होईल?" त्यांनी मला विचारलं.

"पत्र्याखालच्या पन्हळीला भोक पडेल. पाणी गळेल, इंजिन तापून बंद पडेल."

"कुठे?"

"जिथे असेल तिथे. तळ्याच्या मध्येसुद्धा."

"आणि मधला?"

"तोही लागेल. जरा उशिरा."

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. कप हिंदकळून बशांत चहा सांडला.

"आखूड मागवा."

"अगं, पण मानाचा..." अध्यक्ष सुरू झाले.

"मान घरी ठेवा. त्या गाडीवर माझी मुलगी बसते. जावई नाही बसत, त्यांचे आईवडील नाही बसत, तुमची समिती नाही बसत. आखूड मागवा म्हणते ना." आणि त्या आत गेल्या. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला.

इतक्या दिवसांत मुलगी त्या गाडीवर पहिल्यांदाच बसली. अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "समितीचा कल आखुडाकडे दिसतो."

मला वाटलं, मिटलं. पण काकू तितक्याच तडफेने परत बाहेर आल्या. "आणि हे बघा. तेहतीस हवेत. धोंड्याच्या महिन्याला तेहतीसच देतात."

"काकू, शहाण्णव लागतात. तेहतीस लावले तर दोन बाजूंना सारखे बसणारच नाहीत. पट्टा हिसके देईल."

"मग तीन तेहतिसा द्या. नव्याण्णव होतात की. तीन राहू देत सुटे, हरवतात अशा वस्तू." आमच्या समितीने तोवर काढलेला एवढा व्यवहारी निर्णय मला आठवत नाही. "आणि चांदी?" त्या म्हणाल्या. "वाणात चांदी हवी. वरून चांदीचं पाणी देऊन आणते, सेरंगून रोडला आमचा सोनार आहे."

"काकू, चांदी आहेच त्यात."

"उगीच काहीतरी सांगू नका."

"खरंच. कार्बाइडचं टोक पोलादाला जोडताना मध्ये चांदी असलेला मिश्रधातू वितळवतात. आमच्या कारखान्यात रोज करतो."

"प्रत्येकात?"

"प्रत्येकात. थोडी असते."

"थोडी असू दे. असते ना? मग झालं." त्यांच्या चेहऱ्यावर फेब्रुवारीनंतरचं पहिलं समाधान दिसलं. अध्यक्षांनी खजिनदारांना सांगितलं, "नोंद करा. चांदीयुक्त."

स्टड बनवणारा उत्तर अमेरिकेतला होता. मुलीच्या गावापासून त्याचं गोदाम एका दिवसाच्या रस्त्यावर. मी म्हणालो, पत्ता तिचाच द्या, आठवड्यात पोचतील.

अध्यक्षांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वाण परस्पर पाठवतात का?"

वाण हाताने द्यायचं असतं. म्हणून ते स्टड तिकडून विमानाने सिंगापूरला आले, काकूंनी पाटावर मांडले, त्यांच्याभोवती दिवा ओवाळला, आणि मग ते विमानानेच परत जिथून आले होते त्याच्या शेजारी गेले. मधल्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावणं होतं. जावईबुवा वेबकॅमवर होते, झोपाळलेले, अंगात स्वेटर. काकूंनी मॉनिटरला ओवाळलं. कुंकू लावायची वेळ आली तेव्हा त्या थोड्या घुटमळल्या आणि मग त्यांनी पडद्यावर, कपाळ जिथे होतं तिथे, बोट टेकवलं. त्याच क्षणी जावयांनी खोकून मान हलवली आणि कुंकू त्यांच्या गालावर गेलं. पुढचा सगळा वेळ ते तसेच बोलत राहिले. मुलगी मागे उभी होती. तिला ओवाळायचं कुणाला सुचलं नाही. ती म्हणाली, "आई, नट वेगळ्या पिशवीत घाल, मागच्या वेळचे लाडू सगळे एकत्र झाले होते."

परत येताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बायकोने विचारलं, "ते खोबरं कशाला ठेवलं होतं खिळ्यांवर?"

"रीत असेल."

"गंजतील."

"पुसेल ती," मी म्हणालो. पुसलेच तिने. कुंकवाची पुडी बघून कस्टम्सवाल्याने डबा दोनदा उघडला होता, एवढंच.

ऑक्टोबरात तिने आणि जावयांनी मिळून पट्टा उलटा टांगला आणि शेडमध्ये दोन शनिवार-रविवार घालवून स्टड बसवले. डिसेंबरात तळं गोठलं. काकू रोज सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, फोन करून ती घरी पोचली का ते विचारायच्या. अध्यक्षांनी तोपर्यंत गटासमोर "बर्फ आणि आपण" हे व्याख्यान दिलं होतं आणि त्यात "आपण विकसित केलेले स्टड" असा उल्लेख केला होता. आपण त्यांचा फक्त प्रवास लांबवला होता.

जानेवारीच्या मध्यावर मी कारखान्यात असताना मुलीचा फोन आला. आवाज शांत होता, पण बोलण्याआधी तिने श्वास घेतला तो मला ऐकू आला.

"काका, थांबली."

"काय झालं?"

"रात्री वारा होता, सगळा बर्फ उडाला. तळं पार काळं दिसत होतं, खालचं पाणी दिसावं इतकं. धक्क्याजवळ कुणीतरी मासे पकडायला भोक पाडून सोडलं होतं, उशिरा दिसलं. ब्रेक मारला. थांबली."

"किती अंतरात?"

"मोजलं नाही. थांबली. मग मी उतरले आणि बसले जरा वेळ."

"आईला सांगितलंस?"

"आईला सांगितलं आज थंडी कमी आहे."

माझ्या टेबलावर एक तुटकं ड्रिल होतं, त्याचं कारण शोधायचं होतं, ते मी शोधत राहिलो. संध्याकाळी काकूंचा फोन आला. "आज थंडी कमी आहे म्हणत होती," त्या म्हणाल्या, "बरं झालं." मीही म्हणालो, बरं झालं.

दोन वर्षांनी दोघं सिंगापूरला आली तेव्हा गटाने जावयांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांनी स्वतः लिहिलेलं मानपत्र, ज्यात गोठलेल्या जलाशयावरून एकाकी मार्गक्रमण करणाऱ्या पुरुषाचा उल्लेख तीन परिच्छेद पुरला. जावईबुवा उठले आणि म्हणाले, "मला ती गाडी चालवता येत नाही. मी नट आवळताना पाना धरला होता." लोक हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगी इतका विनय, असं माझ्यामागे कुणीतरी म्हणालं. अध्यक्ष पुन्हा उठले आणि विनयावर बोलू लागले.

मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून बटाटेवडा खात होती. तिसरा असावा.

"कसे आहेत स्टड?" मी हळूच विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. कार्बाइडचं टोक दोन हिवाळ्यांनंतर कसं दिसतं हे कॅटलॉगात नसतं.

"चांगले होते. एकही झिजला नव्हता," ती म्हणाली. "पण आम्ही गाडी विकली ना, काका, स्टडसकट. मागच्या वर्षी लॅब अलीकडच्या काठावर आणली."

"मग आता कशी जातेस?"

"बसने," ती म्हणाली. "दर अर्ध्या तासाने असते."